तळाची नोंद

पाण्याची खोली मोजणे हे आमचे चाकरीतले काम होते. लोक धरणावर सहलीला जातात, भिंतीवर उभे राहून पाण्याचा विस्तार पाहतात आणि तृप्त होऊन परततात. आम्हांला मात्र त्या विस्ताराचे कौतुक कधी करता आले नाही. वरून निळेशार दिसणाऱ्या त्या पाण्याखाली गाळाचा थर किती चढला आहे, हाच एक प्रश्न आमच्यासमोर असे. आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे आम्ही या एका प्रश्नाच्या पाठीमागे घालविली. आता निवृत्तीनंतर मागे वळून पाहताना जाणवते, की इतरांच्या तळाची मोजमापे घेणाऱ्या आम्हांला स्वतःच्या तळाशी दोरी सोडण्याचे धैर्य मात्र फार उशिरा झाले.

आमचे वडील राहाता परिसरात पाटकरी होते. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या गोदावरीच्या उजव्या कालव्याचे पाणी त्या भागात येते. शेतकऱ्यांच्या पाळ्या सांभाळणे, चारीची दारे उघडणे व बंद करणे, हे त्यांचे काम. लहानपणी आम्ही त्यांच्यामागून पाटाच्या कडेने चालत असू. चारीत गाळ साचला की ते स्वतः फावडे घेऊन आत उतरत. त्यांचे एक म्हणणे आमच्या मनात कायमचे राहिले. गाळ काढला नाही तर पहिल्या शेतकऱ्याला काहीच कळत नाही. पाणी तुटते ते शेवटच्या शेतकऱ्याचे. त्या वेळी आम्हांला ही केवळ पाटाची गोष्ट वाटली होती.

धरण बांधले की नदीचा वेग मोडतो. पावसाळ्यात डोंगरउतारावरून येणारे गढूळ पाणी जलाशयाच्या शांत पाण्यात शिरले, की आधी दगडगोटे, मग वाळू आणि शेवटी बारीक माती, अशा क्रमाने ओझे खाली टाकीत जाते. जाड गाळ जलाशयाच्या मुखाशीच ढीग करतो, तर अगदी बारीक गाळ भिंतीपर्यंत पोहोचतो. धरण आखतानाच तळाशी काही जागा गाळासाठी राखून ठेवलेली असते. परंतु गाळ काही आपल्याला नेमून दिलेल्या जागेतच बसत नाही. जेथे पिण्याचे व शेतीचे पाणी साठावे, तेथेही तो पसरतो. आपल्या नाशिक शहराला पाणी देणारे गंगापूर धरण हे मातीचे धरण १९६५ साली पूर्ण झाले. त्याची मूळची साठवण ७,२०० दशलक्ष घनफूट होती. गाळामुळे ती ५,६३० दशलक्ष घनफुटांवर आली आहे. म्हणजे एक पंचमांशाहून अधिक पाण्याची जागा मातीने घेतली. नळ उघडताना हे कोणाच्या मनात येत नाही, आणि येण्याचे कारणही नाही. पण कोणीतरी हे मोजले म्हणूनच ते आपल्याला ठाऊक झाले.

हे मोजमाप आता पुष्कळ सोपे झाले आहे. होडीला बांधलेले यंत्र पाण्यात ध्वनीचे स्पंद सोडते आणि तळावरून परत आलेल्या प्रतिध्वनीवरून खोली सांगते. होडी कोठे आहे हे उपग्रह सांगतो. जलाशय निरनिराळ्या पातळ्यांवर असताना उपग्रहाने टिपलेल्या चित्रांवरून पाण्याचा पसारा काढून साठवणीचा हिशेब करण्याची पद्धतही आहे. आपल्या नाशिकच्या ‘मेरी’ने, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, अशा प्रकारचे काम वर्षानुवर्षे केले आहे. आम्ही कामाला लागलो तेव्हा मात्र आमच्या वाट्याला होडी, दोरी आणि शिशाचे वजन एवढेच आले होते. जलाशयाच्या दोन्ही काठांवर निशाणे रोवून एक रेषा ठरवायची. त्या रेषेवरून होडी वल्हवीत न्यायची. ठरावीक अंतरावर थांबून वजन सोडायचे. दोरी सैल पडली की खूण पाहून आकडा नोंदवहीत लिहायचा. काठावर दुर्बीण लावून बसलेला माणूस होडीची जागा टिपीत असे. अशा कितीतरी रेषा एका जलाशयावर घ्याव्या लागत. मागील मोजणीच्या आकड्यांशी नव्या आकड्यांचा ताळा घातला, की मधल्या वर्षांत किती गाळ आला ते कळे.

२४ डिसेंबर १९८३ हा शनिवार होता. आम्ही जिल्ह्यातील एका जलाशयावर कामास होतो. त्या जलाशयाचे आणि कार्यालयाचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. दोष त्यांचा नव्हता. दोन होड्या होत्या. एकीत आम्ही, दुसरीत आमच्यापेक्षा वयाने दहाएक वर्षांनी मोठे असलेले एक सोबती. त्यांना सारे नाना म्हणत. ते रोजंदारीवर होते. शिक्षण सातवीपर्यंतचे, पण पाण्याचे ज्ञान असे, की दोरी हाताला कशी लागते यावरून खाली वाळू आहे की चिखल, हे ते सांगत. एक रेषा आमची, पुढची त्यांची, असे आलटूनपालटून काम चाले. जलाशयाच्या मुखाकडील शेवटच्या दोन रेषा उरल्या होत्या. वारा सुटला होता, होडी रेषेवर ठरत नव्हती. आम्हांला चारची एस.टी. गाठायची होती. नाशिकरोडच्या चर्चमध्ये मध्यरात्रीचा ख्रिस्तयाग होता आणि गायकवृंदात आमचे नाव होते. घरी पत्नी व लहान मुलगा वाट पाहत होते.

आम्ही आमच्या रेषेवर तीन ठिकाणी वजन सोडले. बाकीच्या वीस ठिकाणचे आकडे मागील मोजणीच्या तक्त्यावरून उतरवून घेतले. अगदी तेच दिसू नयेत म्हणून कोठे अर्धा फूट, कोठे एक फूट कमी केला. नोंदवही मिटली, होडी काठाला लावली आणि एस.टी. गाठली. नाना तेव्हा त्यांच्या रेषेच्या मध्यावर होते. त्यांनी हात वर करून आम्हांला नाताळच्या शुभेच्छा दिल्या, हे आम्हांला आजही दिसते.

त्या रात्री आम्ही गायिलो. आवाज चांगला लागला होता, असे पुष्कळांनी सांगितले. आपला नाशिक धर्मप्रांत तेव्हा व्हायचा होता, तो १९८७ साली झाला. पण गर्दी आजच्यासारखीच होती. गव्हाणीसमोर मेणबत्त्या होत्या. पिशवीत ती नोंदवही होती. तिची आठवण त्या रात्री आम्हांला एकदाही झाली नाही, हे सर्वांत वाईट.

जानेवारीत आकड्यांचा ताळा घालण्यास आरंभ झाला. आमच्या रेषेवर तळ जवळजवळ पूर्वीइतकाच खोल, आणि त्याच्या शेजारी नानांच्या रेषेवर मात्र दहा-अकरा फूट गाळ! कागदावर असा तळ बसेना. साहेबांनी नानांना बोलाविले. आम्ही त्याच खोलीत टेबलाशी होतो. नानांना विचारले गेले, की होडी रेषेवरून सरकली होती काय, वजन नीट सोडले होते काय. ते म्हणाले, “साहेब, दोरी लागली तेवढंच लिहिलं. दोरीला काय कोनाची भीड?” साहेबांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही कागदाकडे पाहिले. मुदत संपत आली होती, होड्या परत गेल्या होत्या, पुन्हा मोजणी होणार नव्हती. नानांची रेषा रद्द झाली आणि त्यांच्या नावापुढे ‘निष्काळजी’ असा शेरा पडला. पुढच्या हंगामात त्यांना कामावर बोलावले गेले नाही.

पुढे कित्येक वर्षांनी त्याच जलाशयाची नव्या यंत्रांनी मोजणी झाली. जलाशयाच्या मुखाशी गाळाचा मोठा ढीग आहे, असे तिने स्पष्ट दाखविले. तो ढीग नानांच्या रेषेवर होता, तसाच आमच्याही रेषेवर होता. तोवर नाना कोठे होते, हे कार्यालयात कोणाला ठाऊक नव्हते.

१९८४ च्या प्रायश्चित्तकाळात आम्ही पापनिवेदन केले. धर्मगुरू वयस्क होते. त्यांनी शांतपणे ऐकून एकच प्रश्न विचारला, “त्या माणसाला हे ठाऊक आहे का?” आम्ही नाही म्हणालो. ते म्हणाले, देव क्षमा करतो, पण त्या माणसाचे जे गेले ते त्याला परत मिळाले पाहिजे; निदान खरे काय ते त्याला कळले पाहिजे. जक्कयाची गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. त्याने प्रभूचे आपल्या घरी आनंदाने स्वागत केले आणि त्याच वेळी ज्यांचे लुबाडले त्यांना चौपट परत देण्याचे कबूल केले. झाडावरून उतरणे सोपे होते. ती परतफेड करीत दारोदार फिरणे त्याला किती जड गेले असेल, याचा विचार आम्ही तेव्हापासून करीत आलो. विचारच केला, गेलो मात्र नाही. नाना गाव सोडून गेले असतील, त्यांना दुसरे काम लागले असेल, इतक्या वर्षांनी जुने उकरून काय मिळणार, अशा एकेका सबबीचा थर मनात चढत गेला. पस्तीस वर्षे गेली.

४ ऑगस्ट २०१९ रोजी गोदावरीला मोठा पूर आला. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती पाण्यात गेला. पुराची उंची सांगण्यासाठी आपल्या शहरात याहून चांगले माप नाही. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, एवढे सांगितले की जुन्या नाशिककरास सारे कळते. खाली निफाड तालुक्यात सायखेडा व चांदोरी या गावांत पाणी शिरले. २०१६ च्या ऑगस्टमध्येही हेच झाले होते. त्या गावांच्या खालच्या अंगाला, गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ, नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. तो १९०७ ते १९१३ या काळात बांधला गेला. त्याच्या फुगवट्यात शंभर वर्षांचा गाळ बसला आहे. त्या गाळाची बेटे झाली, त्यांवर पाणवनस्पती वाढल्या, दूरदेशीचे पक्षी येऊ लागले. १९८६ साली तेथे पक्षी अभयारण्य झाले, आणि जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीतील महाराष्ट्राचे पहिले पाणथळ क्षेत्र म्हणून त्याची घोषणा झाली. त्याच गाळाने नदीचे पात्र उथळ होते आणि पुराचे पाणी आमच्या घरात येते, अशी काठावरच्या ग्रामस्थांची जुनी तक्रार आहे. एकच गाळ पक्ष्यांना घर देतो आणि माणसाचे घर भरून टाकतो. यात कोणाची बाजू घ्यावी, हे नदीकाठी न राहणाऱ्याने घाईने ठरवू नये.

पूर ओसरल्यावर पुढच्या रविवारी ख्रिस्तयागानंतर आमच्या धर्मग्रामातील पंधरा-वीस जण फावडी, झाडू आणि चादरी घेऊन सायखेड्याकडे गेले. वय झाले असूनही आम्ही बरोबर गेलो. घराघरांत चिखल होता. एका अंगणात एक वृद्ध गृहस्थ हातात काठी घेऊन उभे होते. त्यांनी काठी चिखलात उभी रोवली, वर काढली, बोटाने ओल्या खुणेपर्यंत माप घेतले. मग काठी पाण्याने स्वच्छ धुतली आणि चार हात पलीकडे जाऊन पुन्हा रोवली. प्रत्येक मापानंतर काठी धुणारा माणूस आम्ही आयुष्यात एकच पाहिला होता. जुन्या चिखलाची खूण नव्या मापात मिसळू नये म्हणून नाना वजनही असेच धूत असत.

त्यांनीही आम्हांला ओळखले. “मास्तर, या,” ते म्हणाले. “नऊ बोटं भरला. वट्ट्यापाशी अकरा.” आम्ही फावडे घेतले. दुपारपर्यंत दोघांनी मिळून अंगण मोकळे केले. त्यांच्या लेकीने चहा आणून दिला. तिचे केस पिकू लागले होते. द्राक्षबागेत मजुरीला जाते, असे बोलता बोलता कळले. ती आत गेल्यावर आम्ही नानांना सारे सांगितले. तीन ठिकाणी वजन सोडले, वीस आकडे खोटे लिहिले, आणि त्या खोलीत आम्ही गप्प बसलो.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आतल्या दाराकडे पाहून हळूच म्हणाले, “ही सातवीत व्हती तव्हा. त्या साली शाळा सुटली तिची.” एवढेच. क्षमा केली असे ते म्हणाले नाहीत, आणि आम्ही ती मागू शकलो नाही. कपातला चहा निवून गेला होता. निघताना त्यांनी विचारले, “म्हंजी ढीग व्हताच ना तिथं?” आम्ही म्हणालो, “होता, नाना. तुमचा आकडा खरा होता.” त्यांनी मान हलविली. पस्तीस वर्षे त्यांना आपल्याच हाताविषयी शंका येत राहिली असेल, हे आम्हांला त्या क्षणी प्रथमच कळले. आम्ही त्यांचे काम घालविले होते, एवढेच आजवर समजत होतो. आपल्या कसबावरचा त्यांचा विश्वासही आम्ही घालविला होता.

याच सुमारास अमेरिकेतील एका नदीविषयी आमच्या वाचनात आले. वॉशिंग्टन राज्यातील एल्व्हा नदीवर १९१३ व १९२७ साली दोन धरणे झाली होती. त्यांनी समुद्रातून वर येणाऱ्या साल्मन माशांची वाट अडविली आणि काठच्या क्लालम या आदिवासी लोकांचे जीवनच आटले. ती धरणे काढून टाकण्याचे काम सप्टेंबर २०११ मध्ये सुरू झाले. खालचे धरण २०१२ मध्ये गेले, वरचे सुमारे ६४ मीटर उंचीचे धरण ऑगस्ट २०१४ मध्ये संपूर्ण निघाले. दोन्ही जलाशयांत मिळून सुमारे २ कोटी १० लाख घनमीटर गाळ होता. एवढा गाळ एकदम सुटला तर खालची नदी गुदमरेल, म्हणून भिंत थोडी थोडी कापली गेली, मध्ये थांबून माशांना उसंत दिली गेली. शास्त्रज्ञ प्रत्येक टप्प्यावर नदीचा तळ मोजीत होते. पात्राच्या आडव्या रेषा पुन्हापुन्हा मोजल्या, पाण्याचे नमुने गाळून माती तोलली, नदीच्या तळाशी पोलादी पट्ट्या बसवून त्यांवर आदळत जाणाऱ्या गोट्यांचा नाद यंत्रांनी टिपला. पहिल्या पाच वर्षांत अडकलेल्या गाळापैकी सुमारे दोन तृतीयांश गाळ सुटला, आणि त्यातील बहुतेक सारा समुद्रापर्यंत पोहोचला. मधली काही वर्षे नदी गढूळ होती, डोह बुजले. मग पात्र सावरले, मुखाशी नवी वाळूची किनार तयार झाली आणि मासे जुन्या धरणांच्या वर पोहोचले.

हे वाचून आम्ही पुष्कळ दिवस अस्वस्थ होतो. आपण समजतो, की एकदा कबुली दिली की सारे मोकळे झाले. भिंत फुटली तरी गाळ नाहीसा होत नाही. तो चालू लागतो. तो खाली राहणाऱ्याच्या दारावरून जातो. आमच्या मनावरचे ओझे उतरले त्या दुपारी नानांच्या मनावर एक नवे ओझे चढले. म्हणून भिंत काढणाऱ्याने लगेच घरी निघून जायचे नसते. गाळ कोठवर गेला हे पाहत, त्याच्या मागोमाग काठाकाठाने चालायचे असते.

आम्ही नानांकडे जात राहिलो. त्यांच्या शेताजवळून एक नाला गोदावरीकडे जातो. त्याच्यावर जुना दगडी बंधारा होता. तो त्याच पुरात मधोमध फुटून गेला होता आणि त्याच्या मागे साठलेली वाळू, गोटे, पोयटा उघडा पडला होता. नानाच म्हणाले, “मास्तर, यंदा दगड किती चालतात ते बघू या.” जानेवारी २०२० मध्ये आम्ही दोघांनी नाल्यातून साठ दगड निवडले, मुठीएवढे, नारळाएवढे, काही त्याहून मोठे. त्यांना पिवळा तैलरंग दिला, आकडे घातले आणि फुटलेल्या बंधाऱ्याच्या वर ओळीने मांडले. नाल्यावर पाच ठिकाणी आडवी दोरी ताणून, गवंड्यांच्या पाण्याच्या नळीने पातळी धरून, तळाची खोली घेतली. आकडे नानांनी सांगितले, आम्ही लिहिले. पहिला आकडा लिहिताना आमचा हात थरथरला, हे त्यांच्या लक्षात आले असावे. ते म्हणाले, “पुन्हा घेऊ?” आम्ही पुन्हा घेतला.

त्या पावसाळ्यानंतर साठांपैकी सदतीस दगड सापडले. लहान दगड लांब जातात, मोठे जागेवर राहतात, असा आमचा समज होता. बहुतेक तसेच घडले. पण एक मुठीएवढा दगड मोठ्या धोंड्याच्या आडोशाला जागच्या जागी बसून होता आणि नारळाएवढा एक शंभर पावले खाली गेला होता. पहिल्या वर्षी नाल्याने जुन्या गाळात कमरेइतकी घळ पाडली. दुसऱ्या वर्षी ती घळ रुंद झाली. सुटलेली वाळू खालच्या डोहात जाऊन बसली आणि धुण्याच्या जागी पाणी उरले नाही, म्हणून वस्तीतल्या बायकांनी नानांना बोल लावले. जणू बंधारा त्यांनीच फोडला होता. नानांनी त्यांना आमची वही दाखविली आणि वाळू दरसाल किती सरकते ते समजावून सांगितले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर तो डोह पुन्हा धरू लागला.

आपल्याच जिल्ह्यात, बागलाणात, आरम व मोसम या नद्यांवर फड पद्धतीचे जुने बंधारे होते. तीन-चारशे वर्षे लोकांनी ते सांभाळले. बुटके बंधारे, पावसाळ्याचा गाळ वरून वाहून जाई, आणि दरवर्षी सारे गाव मिळून पाटातला गाळ काढी. पाटकरी, हवालदार, जागल्या अशी माणसे नेमलेली असत. आज शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ पासून चालविली आहे. धरणातला गाळ शेतात पडला की तोच गाळ सोने होतो. उलट आपल्या शहरात रामकुंड परिसरात २००३ च्या सिंहस्थासाठी नदीच्या तळावर काँक्रीट घातले गेले. कुंडांतले झरे दबले, अशी ओरड झाली, आणि पुढे काही कुंडांतले काँक्रीट काढावे लागले. तळ झाकला म्हणजे तो स्वच्छ झाला, असे नदीच्या बाबतीत होत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लौदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे करता येत नाहीत, असे शिकविले. नानांच्या अंगणातल्या नऊ बोटे चिखलात आम्हांला ते दोन्ही एकत्र दिसले.

२०२३ च्या हिवाळ्यात नाना गेले. त्यांच्या दहाव्याला आम्ही नदीवर गेलो होतो. त्यांनी आम्हांला क्षमा केली की नाही, हे आम्हांला ठाऊक नाही. त्यांनी दोरीचे दुसरे टोक धरू दिले, एवढे मात्र खरे. आणि त्याहून अधिक मागण्याचा आम्हांला अधिकार नव्हता. तो साल संपला तरी मोजणी राहिली होती. दिवाळीनंतर त्यांच्या लेकीचा निरोप आला, “काका, यंदा दोरी नाही का धरायची?”

तेव्हापासून दरवर्षी दोरीचे एक टोक ती धरते. आता वहीही तिच्याकडेच असते. सातवीत सुटलेले अक्षर, पण आकडे ठळक आणि स्वच्छ. काठी प्रत्येक मापानंतर धुतली जाते. हे तिला कोणी शिकविले नाही. गेल्या खेपेस दगडांचा शोध घेताना एकोणीस दगड काही केल्या मिळाले नाहीत. ते वाळूखाली गेले असतील, गोदावरीत पोहोचले असतील, किंवा कोणी घराच्या पायरीला लावले असतील. संध्याकाळ होत आली होती, आमचे गुडघे दुखत होते. ती वही उघडून म्हणाली, “काका, मागच्या सालचा आकडा हाये ना, त्याच्यापुढं थोडं वाढवून लिहू का?”

आम्ही क्षणभर तिच्याकडे पाहिले. तिला त्या नाताळच्या संध्याकाळची गोष्ट ठाऊक होती की नव्हती, आम्ही कधी विचारले नव्हते. आम्ही म्हणालो, “नको, बाई. सापडला नाही, असंच लिही.”

तिने तसेच लिहिले. एकोणीस वेळा लिहिले.